परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ओळखीशिवाय अपॉइंटमेंट मिळते का? वडिलांच्या बायोप्सीत कर्करोग निघालाय.

हो, मिळते; वशिला लागत नाही, नवीन रुग्ण म्हणून नोंदणी करायची. ती टाटाच्या वेबसाइटवरून करता येते किंवा थेट परळला जाऊनही. मी तिथे येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना कागदपत्रांत मदत करतो, त्यावरून सांगतो: खरा वेळ रांगेत नाही, अपुऱ्या कागदांत जातो. तिथले पॅथॉलॉजिस्ट बायोप्सी स्वतः पुन्हा तपासतात, त्यामुळे नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. जिथे बायोप्सी झाली त्या लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा मेणात जपून ठेवतात ते) दोन्ही आजच मागून घ्या (लॅबवाले 'उद्या या' म्हणणारच, पिच्छा सोडू नका). ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळवूनच बाहेर पडा. शिवाय:

- सीटी, एमआरआय, पेट स्कॅनची सीडी
- आधीच्या उपचारांचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड
- वडिलांचे आधार कार्ड

नोंदणीच्या वेळी जनरल की प्रायव्हेट हे विचारतात. जनरलमध्ये खर्च बराच कमी, पण गर्दी जास्त. डॉक्टरांची टीम दोन्हीकडे तीच. मात्र नंबर लागला म्हणजे लगेच ऑपरेशन किंवा केमो सुरू झाली असं नाही, मधे तपासण्या आणि थांबणं असतं. तेवढ्यात रक्तस्राव झाला किंवा धाप लागली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.