खेळाडूचा संघ कोणत्या टेबलात ठेवावा?

प्रश्न : गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांसाठी आम्ही काही मित्र एक अ‍ॅप तयार करीत आहोत. खेळाडूंच्या टेबलात नाव, जन्मतारीख, संघ आणि एकूण गोल असे रकाने आहेत. यंदा एक खेळाडू शिवोलीचा संघ सोडून हळदोण्याच्या संघात गेला. आम्ही त्याचा संघ बदलताच त्याचे गेल्या मोसमातील गोलही हळदोण्याच्या नावावर दिसू लागले. रचनेत काय सुधारावे?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : जन्मतारीख ही खेळाडूची कायमची माहिती आहे, संघ हा मात्र त्याचा आणि एखाद्या क्लबचा ठरावीक मुदतीपुरता संबंध असल्यामुळे तो खेळाडूंच्या टेबलात ठेवता येत नाही. त्यासाठी ‘नोंदणी’ असे स्वतंत्र टेबल करून त्यात खेळाडू क्रमांक, संघ क्रमांक, आरंभाची तारीख आणि अखेरची तारीख ठेवावी. पहिले दोन रकाने फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातील ओळीकडे निर्देश करणारे रकाने असतील. संघ बदलला की जुन्या ओळीत केवळ अखेरची तारीख भरावी आणि नव्या संघासाठी नवी ओळ घालावी. एखादा खेळाडू एकाच स्पर्धेपुरता पाहुणा म्हणून उतरत असेल, तर नोंदणीत स्पर्धा क्रमांकही हवा. नावाला प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) करू नये, हे फर्नांडिस आणि नाईक आडनावांच्या गोव्यात वेगळे सांगायला नको.

‘सामना’ टेबलात संघांचे दोन रकाने येतील आणि दोन्ही एकाच ‘संघ’ टेबलाकडे निर्देश करतील. दोन्ही संघ म्हापशातील दुलेरच्या मैदानावर, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याच नसलेल्या मैदानावर उतरले, तर यजमान कोण, असा प्रश्न पडतो. म्हणून ‘पहिला संघ’ व ‘दुसरा संघ’ अशीच नावे द्यावीत. दोन्ही रकान्यांत एकच संघ येऊ नये यासाठी चेक कन्स्ट्रेंट (चुकीची नोंद नाकारणारा नियम) लावावा. मात्र मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीची ८.०.१६ पूर्वीची आवृत्ती असल्यास तो निमूटपणे दुर्लक्षिला जातो.

‘एकूण गोल’ हा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी ‘गोल’ टेबलात प्रत्येक गोलाची एक ओळ असावी : सामना, खेळाडू, गोल ज्याच्या खाती जमा झाला तो संघ, मिनिट आणि प्रकार. संघाचा रकाना येथे अनावश्यक वाटेल, परंतु स्वयंगोलात मारणारा एका संघाचा आणि लाभ दुसऱ्या संघाचा असतो. मिनिटासाठीही दोन रकाने लागतात, एक मूळ मिनिटाचा आणि एक भरपाईच्या मिनिटाचा, कारण पूर्वार्धाच्या भरपाई वेळेतील ४५+२ हे मिनिट ४७ असे लिहिले, तर ते उत्तरार्धातील ४७ व्या मिनिटात मिसळून जाते. शूटआऊटमधील पेनल्टी सामन्याच्या गोलसंख्येत धरत नाहीत. त्यांना वेगळे टेबल द्यावे.

एवढे झाले की एकूण गोल आणि गुणतालिका क्वेरीने, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाने, काढता येतात. तरीही सर्व काही मोजूनच काढण्याचा हट्ट मला पटत नाही. संघ मैदानात उतरलाच नाही आणि समोरच्याला ३-० असा विजय बहाल झाला, तर ते तीन गोल कोणी मारलेलेच नसतात. म्हणून ‘सामना’ टेबलात ‘बहाल निकाल’ असे दोन रकाने असावेत; एरवी ते रिकामे राहतील.

जुन्या माहितीपुरते मात्र हात चालवावा लागेल. एकूण आकड्यातून कोणता गोल कोणत्या सामन्यातला, हे उलगडत नाही. गेल्या मोसमातील सामन्यांचे कागद आयोजकांकडून मिळवून गोल एकेक करून भरावेत.