धन्यवाद तोंडातून निघतच नाही, मग काय करू?

सगळ्यांना सलाम. या महिन्यात पत्रं भरपूर आली, पण पहिल्याच ताईंच्या पत्रापाशी मी इतकी रेंगाळले की बाकीच्यांना जागा कमी उरली, समजून घ्या.

प्रश्न : मावशी सलाम. आम्ही गेवराईकडचे. काढणीला आलेलं तीन एकर सोयाबीन पावसात आठ दिवस पाण्यात उभं होतं, शेंगांना जागेवरच कोंब फुटले. सासूबाईंना लकवा झालाय, त्यांचं सगळं जागेवरच करायलेय. महिला संघात गेलं की जो तो मनायलाय, ताई धन्यवाद दे, सगळ्यासाठी धन्यवाद दे, तुझं तर नुसतं पीक गेलं, गोदाकाठच्या लोकांची जनावरं वाहून गेली. मी मान हलवते, पण रात्री प्रार्थनेला बसले की शब्दच फुटत नाही. खोटं खोटं आभार मानू का? प्रभू नाराज होईल का माझ्यावर? (एक बहीण, बीड जिल्हा)

उत्तर : ताई, खोटे आभार मानू नका. हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुमच्या जिवाला थोडं बरं वाटेल, बाकीचं मग निवांत बोलू.

संघातल्या बहिणी ज्या वचनावरून बोलतात ते थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा". आता शब्द नीट बघा, स्थितीत म्हटलंय, स्थितीसाठी नाही म्हटलं. कोंब फुटलेल्या शेंगांसाठी थँक्यू म्हणा असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगत नाही, त्या शेंगा समोर असताना सुद्धा देवाशी बोलणं तोडू नका असं सांगतो. आणि सांगणारा माणूस कोण, तर ज्याला आणि त्याचा सोबती सीला याला त्याच थेस्सलनीका गावातून रातोरात बाहेर काढून द्यावं लागलं होतं इतका दंगा झालेला, प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात आहे ते. ज्यांना लिहिलं ती मंडळीही नवीन, छळात असलेली. इसवी सन 50 च्या आसपासचं पत्र आहे हे, नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक. सुखात बसून दुसऱ्याला केलेला उपदेश नाहीये तो.

दुसरं म्हणजे रडायची तुम्हाला परवानगी आहे, अहो परवानगी काय, शास्त्रात शब्दच तयार ठेवलेत. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं, त्यात गाऱ्हाण्यांची किती तरी. तेराव्या स्तोत्राची सुरुवातच आहे की परमेश्वरा, मला कुठवर विसरणार? सहाच ओव्या आहेत, शेवटी स्तोत्र लिहिणारा गायला लागतो. पण 88 वं वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी कसलाच उजेड नाही, तरी ते पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलं नाही. मला ते स्तोत्र फार जवळचं आहे. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी प्रभू आधी रडला आणि मग तिथंच वर बघून "बापा, तू माझे ऐकले म्हणून मी तुझे आभार मानतो" असं म्हणाला. रडणं आणि आभार एकाच जागेवर, थोड्या वेळाच्या अंतरानं. मग तुम्ही आधी रडलात तर तो का नाराज होईल?

आणि शेतकऱ्याच्या घरात हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय तर वाचलाच पाहिजे. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, अशी एकेक गोष्ट मोजून सांगतो तो, एक सुद्धा झाकत नाही, आणि मग म्हणतो की तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्या "तरी" च्या आधी नुकसानीची पूर्ण यादी आहे. तुम्हीही तुमची यादी आधी सांगा, सोयाबीन, बियाण्याची उधारी, सासूबाईंचा लकवा, तुमची न झालेली झोप, सगळं. पंचनाम्याला आलेल्या माणसाला सांगतो तसं स्पष्ट सांगा.

आता ती गोदाकाठची गोष्ट. हे मला जरा कडक बोलावं लागेल कारण आपल्या मंडळ्यांमधे हे फार चालतं. दुसऱ्याचं जास्त गेलं म्हणून आपण आभार मानायचे, याला उपकारस्तुती म्हणत नाहीत. लूकच्या अठराव्या अध्यायात मंदिरात उभा राहून आभार मानणारा एक माणूस आहे की, "मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो" म्हणणारा परुशी, म्हणजे नियमशास्त्र कडक पाळणाऱ्या पंथातला, आणि तो नीतिमान ठरून घरी गेला नाही. ज्याची म्हैस वाहून गेली त्याच्यासाठी प्रार्थना करावी, त्याला कडबा द्यावा, त्याच्या दुःखाची आपल्या प्रार्थनेत पायरी करू नये. संघातल्या बहिणी मनानं वाईट नाहीत, त्यांना काय बोलावं सुचत नाही म्हणून त्या असं बोलतात, तेवढं मनावर घेऊ नका.

मग करायचं काय. माझं सांगते. माझे मिस्टर गेले त्या वर्षी माझीही प्रार्थना बंद पडली होती, प्रभूची प्रार्थना म्हणायचे पण मशीनसारखी. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशोब लिहितो ना, एक लिटर, अर्धा लिटर, खाडा, त्याच चौकोनात मी रोज एक ओळ लिहायला लागले. अट एकच, गोष्ट त्याच दिवशीची पाहिजे आणि नेमकी पाहिजे. "आरोग्यासाठी, कुटुंबासाठी धन्यवाद" असलं काही नाही, ते लिहून माझं मन हलतच नव्हतं. "टँकर आला तेव्हा शेजारच्या भाभीनं माझा ड्रम आधी भरून घेतला". "रात्री तीनदाच जाग आली". एक दिवस नुसतं लिहिलंय "आज काही नाही", आणि त्याच्यापुढं दुधाचा खाडा. तो कोरा दिवसही मी देवाला दाखवला. दोनेक महिन्यांनी लक्षात आलं की दिवसभर माझी नजर शोधायला लागलीय, आज चौकोनात काय लिहू म्हणून, आणि संध्याकाळी लिहिताना मी आपोआप प्रभूशी बोलायलेय. कधी सुरू झालं ते मलाच कळलं नाही.

आणि एक, चौकोनात ज्या माणसाचं नाव येईल त्याला जाऊन सांगायचं. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यातला एकच माघारी आला आणि तो शोमरोनी होता, म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला. बाकीच्या नऊ जणांनी मनात आभार मानलेही असतील, पण चालत परत कोण आलं? मी भाभीच्या दारात जाऊन सांगितलं तेव्हा तिनं मला चहाला बसवलं आणि तिच्या मुलाच्या आजारपणाचं सांगितलं, मग तिच्यासाठी प्रार्थना करायला मला शब्द शोधावे लागले नाहीत.

सासूबाईंना ऐकू येत असेल तर संध्याकाळी त्यांच्या खाटेपाशी बसून एक गीत म्हणा, जमेल तसं.

प्रश्न : मावशी मी उदगीरचा, संभाजीनगरला रूमवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. माझी प्रार्थना म्हणजे नुसती मागणी, पास कर, मेरिट खाली येऊ दे, घरून पैसे येऊ दे. पाच मिनिटांत मन भरकटतं आणि हात मोबाईलकडं जातो. विश्वास वाढल्यासारखा वाटत नाही. (वय 24)

उत्तर : बाळा, मागणं चुकीचं नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेलीच आहे. फक्त पौल फिलिप्पैकरांस लिहितो तसं "आभारप्रदर्शनासह" माग, आणि तो हे कैदेतून लिहितोय. तुझ्या मागण्यांची यादी तशीच राहू दे, प्रत्येक मागणीला मागची एक आठवण जोड. घरून पैसे येऊ दे म्हणताना, गेल्या महिन्यात आईनं काय विकून पाठवले ते आठव आणि त्याचे आभार मान. मागणी तीच राहील पण ती मागणारा पोरगा थोडा बदलेल, असा माझा अनुभव आहे.

मन भरकटतं त्यावर एक जुनी पद्धत आहे, कॅथलिक भावंडांकडून मी शिकले, सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियसची. झोपायच्या आधी अख्खा दिवस देवासोबत पुन्हा चालून बघायचा, सकाळच्या चहापासून. सुरुवात आभारानं, मग उजेड मागायचा, मग कुठं चुकलो ते बघायचं, माफी मागायची, उद्यासाठी मदत मागायची. दहा पंधरा मिनिटं पुरतात. मोबाईल दुसऱ्या पार्टनरच्या पलंगावर ठेव, हे मी मनापासून सांगते. आणि रूमवर कुणी नसेल तेव्हा मोठ्यानं गा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, 1895 मधे बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कवीनं, आपल्याच अभंगाच्या चालीतलं भजन आपल्या उपासनेत आणलं ते काय उगाच नाही, तोंडानं शब्द म्हणत असलास की मन फार लांब जात नाही.

प्रश्न : पुढच्या रविवारी आमच्याकडं हंगामाचा सण आहे. लोक पोतं पोतं धान्य आणतात, भोपळे, ऊस, कोंबड्या, मग लिलाव होतो. आमच्याकडं या वर्षी वेदीपुढं ठेवायला काहीच नाही. नाही गेलं तर चालेल का?

उत्तर : या, नक्की या. गरीब विधवेनं मंदिरात टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, प्रभूनं स्वतः बसून बघितल्या होत्या, त्यामुळं कमी आणल्याची लाज इथं नको.

1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आमच्या गावात त्या वर्षी काही पिकलंच नव्हतं, सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला, घरात लाल मिलोची भाकरी. हंगामाच्या सणाला टेबलावर दरवर्षीचं पांढरं कापड अंथरलं आणि वर ठेवायला काही नाही. माझ्या वडिलांनी कामावर खायला मिळालेली सुकडी कागदात बांधून आणली आणि मधोमध ठेवली. मग एक एक करून इतरांनीही ठेवली. पाळक साहेबांनी दरवर्षी पोत्यांवर करायचे तीच प्रार्थना केली, एक शब्द कमी नाही. त्या वर्षी लिलाव झाला नाही, उपासना संपल्यावर सगळी सुकडी आम्हा पोरांच्या ओंजळीत वाटली.