नवे पेन घेण्याआधी

तीन महिन्यांत नऊ फाउंटन पेने झाली आणि तरीही हात लिहायला वळत नाही, ही तुमची तक्रार मला नवी नाही. माझ्या खणात एके काळी चौदा पेने होती आणि त्यांपैकी अकरांमध्ये शाई वाळून बसली होती. ती धुण्यात अख्खा रविवार गेला, तेव्हा कुठे माझी खरेदी थांबली.

पुढील सहा महिने दोनच पेने भरलेली ठेवावीत आणि एकच दौत वापरावी. कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसणाऱ्या, शाई ओढून घेणाऱ्या नळीत) साधारण ०.८ मिलीलिटर शाई मावते, म्हणजे ६० मिलीलिटरची दौत पंचाहत्तर वेळा भरण्यास पुरते; आठवड्याला एकदा भरले तरी वर्ष उलटून जाईल, आणि तुम्ही तर चौथी दौत मागवण्याच्या बेतात आहात!

निब खरखरते म्हणून लगेच दुसरे पेन घेऊ नये. आधी ते साध्या पाण्याने धुवावे (कढत पाणी नको, एबोनाइटचा, म्हणजे पेनाच्या कडक रबराचा, रंग उडतो) आणि भिंगातून निबच्या चिरेच्या दोन्ही बाजूंची टोके समपातळीत आहेत का ते पाहावे. पुष्कळदा एक टोक केसभर वर आलेले असते आणि नखाने हलकेच दाबताच ते जागेवर बसते. स्वस्त वहीच्या कागदावर शाई फुटते, आणि बोल मात्र पेनाला लागतो.

लिहायला काही सुचत नसेल, तर किराण्याची यादी किंवा दुधाचा हिशेब लिहावा. मी तेच करतो, आणि त्याला १९३१ पासून चालत आलेल्या कॅमलिनची निळी शाई मला पुरते. चमकीच्या महागड्या शाईचे कण फीडमध्ये, म्हणजे निबला शाई पुरवणाऱ्या भागात, साचतात आणि पुन्हा धुण्याचा रविवार उगवतो.