कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडते कंपनी, मग देखरेखीवर सरकारी पैसा कशाला?

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली खोल खडकात कायमचा साठवण्यावर देखरेख ठेवायला अमेरिकेने २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात ७.५ कोटी डॉलर का ठेवले, असा तुमचा प्रश्न आहे. त्यातला एक डॉलरही विहीर खोदायला नाही. २.५ कोटी ईपीएला (केंद्रीय पर्यावरण संस्थेला) 'क्लास सिक्स' परवान्यांचे, म्हणजे असा वायू जमिनीखाली सोडणाऱ्या विहिरींच्या परवान्यांचे, अर्ज तपासायला आणि ५ कोटी राज्यांना, हे परवाने देण्याचे अधिकार स्वतःकडे घेऊन चालवायला. विहीर, सिस्मिक सर्व्हे (कंपनलहरींनी खालच्या खडकांची पाहणी), शेवटी विहीर बुजवणं आणि त्यानंतर साधारण ५० वर्षं लक्ष ठेवणं, हा सगळा खर्च कंपनीचाच. २०१० च्या नियमाप्रमाणे त्याची आर्थिक हमी आधीच द्यावी लागते.

मग सरकारी माणूस करतो काय? वायू कुठवर पसरेल आणि दाब कुठवर वाढेल, याचं कंपनीचं मॉडेल तो स्वतः चालवून बघतो. त्या टापूतल्या जुन्या, सोडून दिलेल्या तेलविहिरी नीट बुजवल्यात का, हे तपासतो, कारण वायू वर यायची सर्वात सोपी वाट तीच. आत सोडण्याचा दाब खडक फुटण्याच्या दाबाच्या ९० टक्क्यांवर जाता कामा नये. निदान दर पाच वर्षांनी प्रत्यक्ष मोजणीशी मॉडेल पुन्हा पडताळावं लागतं. यासाठी भूगर्भतज्ज्ञ आणि रिझर्व्हॉयर इंजिनिअर (खडकातल्या द्रव-वायूंच्या प्रवाहाचे जाणकार) लागतात, आणि त्यांना तेल कंपन्या जास्त पगार देतात.

इलिनॉय राज्यातल्या डेकेटर इथल्या साठवण प्रकल्पाचं प्रकरण बघा. २०२४ मध्ये तिथे एका निरीक्षण विहिरीतली नळी गंजल्याचं आणि द्रव परवानगी नसलेल्या थरात गेल्याचं उघड झालं. लक्ष ठेवायला खोदलेली विहीरच गळतीची वाट ठरली! अशा वेळी कंपनीचे आकडे वाचून पुढचा प्रश्न विचारणारा माणूस सरकारात हवाच.

आणि रक्कम मोठी वाटत असेल, तर हे बघा: कारखान्यांच्या धुरातून पकडून साठवलेल्या टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत मिळते. वर्षाला दहा लाख टन साठवणारा एकच प्रकल्प एका वर्षात ८.५ कोटींची सवलत घेऊ शकतो.

माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. काही राज्यं टनामागे शुल्क घेतात, पण ते वायू आत जायला लागल्यावरच सुरू होतं. अर्ज तपासण्याचं सर्वात जड काम त्याआधी संपलेलं असतं, म्हणून सुरुवातीला अनुदान लागतं. वायू सोडणं थांबलं की शुल्कही थांबतं. देखरेख मात्र पुढे दशकानुदशकं चालते. त्यामुळे हे अधिकार घेण्याचा तुमच्या राज्याचा प्रस्ताव असेल, तर तो वाचताना दोनच गोष्टी आधी शोधा: मॉडेल चालवू शकणारी किती माणसं कायम नोकरीवर आहेत, आणि शुल्कातला काही वाटा वेगळ्या, दुसरीकडे वळवता न येणाऱ्या निधीत जातो का.