चवड्याखाली खडा टोचतोय

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे पायांची पत्रं सुरू होतात. लग्नसराई, मग फेस्तं, नाताळ, ऑफिसच्या पार्ट्या, आणि सगळ्यांना एकाच महिन्यात उंच व्हायचं असतं. यावेळी तीनच घेतलीत, पहिलं जरा सविस्तर कारण तसल्या तक्रारी घेऊन फोंड्याच्या माझ्या क्लिनिकमध्ये आठवड्याला एकदोघी तरी येतातच.

प्रश्न : ताई, मी कांदोळीला हॉटेलात रिसेप्शनवर आहे, वय २७. ड्युटी ९ तास, त्यातले ७ तरी उभ्याने, आणि युनिफॉर्मवर काळ्या टोकदार पेन्सिल हिल्स, ३ इंच. दोन महिने झाले, दुपारनंतर उजव्या चवड्याची आग आग होते, आत खडा गेलाय असं वाटतं, काढून बघते तर काही नाही. घरी सपाट चप्पल घातली तर पोटऱ्या ओढतात, त्यापेक्षा हिल्सच बऱ्या वाटतात. जानेवारीत बहिणीचं लग्न, मंगेशीला, आणि रिसेप्शन दुसऱ्या दिवशी लॉनवर. आई म्हणते हिल्स सोडून दे. मला सोडायच्या नाहीत. काय करू? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : अगो बाय, आई अर्धी बरोबर आहे. सोडायचं ते टोक, उंचीचं बघू नंतर.

तो खडा म्हणजे बहुतेक करून नस. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधून जी नस जाते ती पुढून निमुळत्या चपलेत दाबली जाते, वरून टाच उचललेली म्हणजे अंगाचं वजन घसरून सगळं चवड्यावर, आणि तू तिथे सात तास उभी. नस दाबून दाबून जाड होते आणि मग खडा टोचल्यासारखं वाटतं, कधी करंट गेल्यासारखं. नुसती आग असेल आणि हिल्स काढल्यावर तासाभरात थांबत असेल तर चपला बदलून आणि चवड्याच्या जरा मागे मऊ पॅड लावून बरं वाटतं. पॅड अगदी दुखतं तिथेच लावू नकोस, त्याच्या मागे लाव म्हणजे हाडं थोडी उघडतात. पण बोटं बधिर व्हायला लागली असतील किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर ऑर्थोपेडिकला दाखव, लग्नापर्यंत थांबू नकोस. आणि ती दोन बोटं टेपने एकत्र बांधायची युक्ती मोबाईलवर फिरते ना, ती मला पटत नाही, दुखणं जरा झाकलं जाईल पण नस तिथेच दाबलेली राहणार.

सपाट चपलेत पोटऱ्या का ओढतात, तर २०१० साली एक अभ्यास छापून आला होता, दोन वर्षं तरी आठवड्यातले पाच दिवस ५ सेंटीमीटरच्या वर हिल्स घालणाऱ्या बायकांचा. त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे धागे बाकीच्यांपेक्षा १३ टक्के आखूड निघाले आणि टाचेमागची दोरी जाड न् ताठ झालेली. म्हणजे तुझी पोटरी हिल्सच्या मापाची झालीय, एकदम सपाट केलंस तर ती ओरडणारच. म्हणून ३ इंचावरून २ वर ये, दीडेक महिन्याने १ वर. रोज भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, ३० सेकंद गुडघा सरळ ठेवून आणि ३० सेकंद जरासा वाकवून, दोन्ही पायांना तीन तीन वेळा. आंघोळीनंतर केलंस तर सोपं जातं, स्नायू तेव्हा गरम असतो.

आता युनिफॉर्म. आधी मॅनेजरला विचारून तर बघ, कितीतरी ठिकाणी ‘काळे फॉर्मल’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पेन्सिल हिल ही आधीच्या मुलींनी पाडलेली पद्धत असते. २०१५ च्या डिसेंबरात लंडनला एका रिसेप्शनिस्टला सपाट बूट घातले म्हणून घरी पाठवलं, पुढच्या वर्षी तिने पार्लमेंटकडे अर्ज केला, दीड लाखावर सह्या झाल्या. कायदा काही बदलला नाही तिथे, पण कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने २०१७ मध्ये कामावर हिल्सची सक्ती बंदच केली. हे सगळं मॅनेजरला ऐकवायला जाऊ नकोस बरं, डॉक्टरची चिठ्ठी दे, तिचा उपयोग जास्त होतो. आणि काउंटरच्या मागे जाड रबरी मॅट टाकायला सांग, संगमरवरी फरशीवर उभं राहण्यात आणि त्यात पुष्कळ फरक आहे.

नवीन चपला घेताना संध्याकाळी जा, दिवसभरात पाय फुगलेला असतो, सकाळी बसलेली चप्पल सातला चावते. कागदावर उभी राहून पायाभोवती पेन्सिल फिरव आणि तो कागद घेऊन दुकानात जा, चप्पल त्या आकृतीवर ठेवून बघ, आकृती चपलेच्या बाहेर दिसली तर परत ठेव, कितीही सुंदर असू दे. तुझ्या त्या काळ्या हिल्स ठेवून बघ एकदा, मी पैजेवर सांगते दोन्हीकडून बोटं बाहेर येतील. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी पाहिजे. घोट्याला पट्टा असला की पाय पुढे घसरत नाही. तळ दोन हातांत धरून वाकवून बघ, चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधल्या कमानीत वाकत असेल तर आत आधार देणारी पट्टी नाही किंवा कमजोर आहे. टाचेची उंची नुसती मोजू नकोस, पुढचा प्लॅटफॉर्म त्यातून वजा कर, ३ इंच टाच आणि पुढे १ इंच म्हणजे पायाला उतार २ इंचांचाच. आणि दुकानदार म्हणेल वापरून वापरून सैल होईल मॅडम. चामडं जरा सैल होतं हे खरं, पण रेक्झिन अजिबात होत नाही आणि टोकाचा आकार तर कशाचाच बदलत नाही. दुकानात चार पावलं चालून दुखली ती घरी येऊनही दुखणार.

आता लग्न. मंगेशीला म्हणजे तू अर्धा दिवस अनवाणीच, देवळात आणि विधींना चपला बाहेर, तेव्हा त्या दिवशी हिल्सवर पैसे घालायचं कारणच नाही, कोल्हापुरी घाल. (सकाळी अकरानंतर अंगणातले दगड तापतात तो भाग वेगळा.) लॉनवर पेन्सिल हिल गवतात रुतते, मग तोल सांभाळायला माणूस चवड्यावर चालतो आणि घोटा मुरगळतो, म्हणून वेज (टाचेपासून पुढपर्यंत सलग जाड तळाची) किंवा रुंद ब्लॉक हिल घे. साडी नेसताना जी चप्पल घालणार तीच घालून नेस. पण त्या मापाने नेसली की रात्री हिल्स काढल्यावर निऱ्या पायात येतात आणि मग बायका दुखत असूनही काढत नाहीत, साडीपायी. ते टाळायला वेजच्या जवळपास उंचीची दुसरी मऊ जोडी पिशवीत ठेव. टाचेला मागून लागतं तिथे सर्जिकल टेप आधीच लाव, फोड आल्यावर नव्हे. आणि नवी जोडी आठवडाभर घरात मोजे घालून अर्धा अर्धा तास फिरव.

प्रश्न : तीन वर्षं कपाटात अगदी जपून, पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या वेजेस भाच्याच्या मुंजीला घातल्या आणि हॉलच्या पायऱ्यांवर तळाचे बिस्किटासारखे तुकडे पडले. फक्त दोनदा घातल्या होत्या! (म्हापसा)

उत्तर : दोनदाच घातल्या म्हणूनच. तो हलका फोमसारखा तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतली ओल त्याला आतून कुजवते, आपल्याकडे चार महिने पाऊस, वर तुम्ही प्लॅस्टिकमध्ये बांधून ओल आतच कोंडलीत. वापरातल्या चपला त्यापेक्षा जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे. पुढच्या वेळी कापडी पिशवीत, जवळ सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या आधी न् गणपतीआधी एकदा बाहेर काढून वारा द्या. कार्याच्या आधी तळ अंगठ्याने दाबून बघा, भुगा निघाला तर मोची पण काही करू शकत नाही. भाच्याच्या मुंजीत पडला नाहीत ना, झालं तर मग.

प्रश्न : वय ५८, डायबेटीस १२ वर्षं. मुलाचं लग्न मडगावला, मुलगी ख्रिश्चन, चर्चनंतर हॉलमध्ये बॅंड आणि मला पण नाचायला लागणार असं सगळे म्हणतात. सुनेने माझ्यासाठी साडीला मॅचिंग सोनेरी हिल्स आणल्यात, अडीच इंच. घालू का? (वाळपई)

उत्तर : नको वहिनी. डायबेटीसमध्ये पायाची जाणीव कमी होते, फोड आलेला कळतच नाही, आणि नाचताना तर नाहीच नाही. सुनेला खरं कारण सांगा, तिला राग येणार नाही. सोनेरीच पाहिजे तर इंचभर रुंद टाचेची, मागून बंद, पुढे गोल अशी घ्या, आणि लग्नाआधी घरात तासभर घालून काढा. तळवा आरशात बघा, नाहीतर मुलाला बघायला सांगा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर ती जोडी परत. लग्नाच्या रात्री कितीही उशीर झाला तरी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करूनच झोपा, आणि कुठे कातडी गेलेली दिसली तर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना चहा द्यायच्या आधी डॉक्टरकडे.