निदान डॉक्टर करतात, तर नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ते कशासाठी शिकवतात?

प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने लिहिले आहे की, ती खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत शिकून बेळगावात बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आली आहे आणि रोग, आजार, लक्षण, चिन्ह, निदान, आरोग्य या व्याख्या तिच्या डोक्यात एकमेकींत मिसळून जातात. शेवटी तिने सहज विचारले आहे की, निदान डॉक्टरच करणार असतील, तर आम्हाला ते शिकवतात कशासाठी? व्याख्यांचे उत्तर कोणीही देईल. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी लिहायला बसलो.

व्याख्या आधी उरकतो. रोग हा शरीराच्या रचनेतील किंवा कार्यातील बिघाड आहे आणि आजार हा त्या बिघाडाचा माणसाला येणारा अनुभव, ज्याला आपल्या घरांत दुखणे म्हणतात. ही दोन्ही नेहमी जोडीने येत नाहीत. निपाणीकडचा एखादा तंबाखूचा शेतकरी 170/100 रक्तदाब घेऊन दिवसभर राबतो आणि ‘मला काय धाड भरलीया’ म्हणत गोळ्या बंद करतो. त्याला रोग आहे, आजार नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर क्षय होत नाही, म्हणून संसर्ग आणि रोग हे शब्दही वेगळे ठेवावेत. रुग्ण सांगतो ते लक्षण. आपण पाहतो, मोजतो, हाताने तपासतो ते चिन्ह. मळमळ हे लक्षण आणि उलटी हे चिन्ह. आपली पंचाईत अशी की, बोलण्यात आपण दोन्हींना लक्षणेच म्हणतो, त्यामुळे मराठी माध्यमातील मुलांचा गोंधळ येथेच सुरू होतो. निदान या शब्दाचेही तसेच आहे. तुमच्या पुस्तकात निदान म्हणजे रोग ओळखून त्याला नाव देणे. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचे कारण, म्हणजे तुमच्या पुस्तकातील इटिऑलॉजी, त्यामुळे एखाद्या वैद्यांच्या घरातील मैत्रीण वेगळेच काही सांगू लागली तर तिच्याशी वाद घालू नका. आरोग्याची व्याख्या मात्र जागतिक आरोग्य संघटनेची, 7 एप्रिल 1948 पासून अमलात आलेल्या तिच्या घटनेतील, लिहावी: केवळ रोगाचा किंवा दुर्बलतेचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक दृष्टीने संपूर्ण सुस्थिती म्हणजे आरोग्य. त्यातील ‘संपूर्ण’ या शब्दाशी माझे जमत नाही, कारण त्या मापाने रात्रपाळी करणारी एकही सिस्टर निरोगी ठरणार नाही. परंतु परीक्षेत गुण त्याच शब्दाला मिळतात.

आता ज्यासाठी लिहायला घेतले, ते सांगतो. या गोष्टीला वीस वर्षांहून अधिक काळ झाला. मी नुकताच जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेऊन बेळगावातील एका रुग्णालयात कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, लागलो होतो. आषाढातील रात्र होती आणि साडेदहाच्या सुमारास खानापूरच्या पलीकडील जंगलपट्ट्यातून एका मुलाने आपल्या साठी ओलांडलेल्या आईला टेम्पोत घालून आणले. आजी मला म्हणाल्या, ‘लेकरा, उरात कसं तरीच व्हायलंय, जीव राहीना.’ ड्युटीवरील डॉक्टर विजापूरकडील होते. त्यांना कन्नड आणि इंग्रजी येत होते, मराठी येत नव्हते. त्यांच्या कानावर ‘उरात’ हा शब्द पडला आणि त्यांनी विचारले, ‘उरी ऐतेन?’ कन्नडमध्ये उरी म्हणजे जळजळ. आजींना कन्नडचा गंध नव्हता. त्यांना त्या प्रश्नात आपलाच ऊर ऐकू आला, म्हणून त्यांनी मान डोलावली आणि छातीच्या खाली, बेंबीच्या वर हात ठेवला. डॉक्टरांनी केसपेपरवर गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराचा दाह, असे लिहिले, आम्लपित्तावरील रॅनिटिडीनचे इंजेक्शन सांगितले आणि सकाळपर्यंत ठेवून घ्या म्हणून ते पुढच्या खाटेकडे गेले. दोघांचे एका शब्दावर एकमत झाले होते आणि दोघांचा शब्द वेगळा होता.

त्या खाटेजवळ दोन्ही भाषा जाणणारा मी एकटाच होतो. घोटाळा मला त्या वेळी कळला नव्हता, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो. परंतु तो कळला होता. हातात ट्रे घेऊन मी उभा राहिलो आणि काही बोललो नाही.

त्यानंतर मी नाडी मोजली. ती 52 भरली, म्हणजे मंद. रक्तदाब 100/60 होता. कपाळ ओले होते, ते मी पुसले आणि पावसात भिजल्या असतील असे समजलो, पण दहा मिनिटांनी ते पुन्हा ओले झाले आणि हाताला गार लागले. बाराच्या सुमारास आजींनी पाणी मागितले, तेव्हा त्यांच्या पदराच्या गाठीत गोळ्यांची पट्टी दिसली. मधुमेहाच्या गोळ्या होत्या. कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनीही सांगितले नव्हते. मग मात्र मी इंचार्ज सिस्टरांकडे गेलो. त्यांना सगळे अक्का म्हणत. मी म्हणालो, ‘अक्का, नाडी 52 आहे, घाम येतोय, शुगरचा पेशंट आहे, आणि आजी जळजळ म्हणतच नाहीत, छातीत म्हणतात. सरांना ईसीजीचं विचारता का?’ अक्का म्हणाल्या, ‘डायग्नोसिस करायला तू डॉक्टर झालास काय? लिहून दिलंय ते दे.’ मी लिहून दिले होते ते दिले, टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाच्या तक्त्यावर, 52 हा आकडा नीट अक्षरात लिहिला आणि माझे काम झाले असे मानले.

पावणेचारला आजींना उलटी झाली आणि रक्तदाब आणखी खाली गेला. मग ईसीजी निघाला. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये रेघा वर उचललेल्या होत्या. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. हृदयाची ती बाजू छाती आणि पोट यांमधील पडद्यावर, पोटाला लागून टेकलेली असते, त्यामुळे अशा झटक्यात रुग्ण पुष्कळदा पोटाच्या वरच्या भागावरच हात ठेवतो. त्या भिंतीला रक्त देणारी उजवी धमनी बहुतेकांत ठोक्यांच्या विद्युतमार्गालाही रक्त पुरवते, म्हणून नाडी मंदावते. आणि मधुमेह जुना असला की नसा बोथट होऊन नेहमीची घणाघाती कळ पुष्कळदा येतच नाही. म्हणजे सारे काही त्या चार्टवर आणि त्या पदरात होते. रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज सुरू झाले, आजी वाचल्या, पण पाच तासांत जो स्नायू गेला तो गेला. पुढे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग 40 टक्के, म्हणजे नेहमीपेक्षा कमी, निघाले. तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या की, आता विहिरीवरून घागर आणवत नाही. सकाळी मी डॉक्टरांना ऊर आणि उरीचा घोळ सांगितला, तेव्हा त्यांनी कन्नडमध्ये एवढेच विचारले की, हे रात्री का सांगितले नाहीस. अक्का शेजारी उभ्या होत्या. मी खाली पाहिले.

अक्का निवृत्त होईपर्यंत आमचा हा वाद चालू राहिला आणि त्यांचे म्हणणे बदलले नाही. माझे म्हणणे असे आहे की, रुग्णाचा शब्द दुसऱ्या भाषेत नेणे म्हणजे निदान करणे नव्हे आणि नाडी मोजणे म्हणजेही नव्हे. पण तो शब्द आणि ती नाडी एकमेकांशी जुळत नाहीत हे ज्याला दिसते, त्याने ते मोठ्याने बोलणे हा त्याच्या कामाचा भाग आहे. जळजळीने नाडी 52 वर येत नसते. एवढे कळण्यासाठीच रोग आणि निदान शिकवतात. शिवाय नर्सिंगचे स्वतःचे निदानही असते. त्याच्या वर्गीकरणासाठी अमेरिकेत सेंट लुईस येथे 1973 मध्ये पहिली परिषद भरली होती, त्यामुळे हे कालपरवाचे खूळ आहे असे म्हणणाऱ्या अक्कांचे चुकत होते. वैद्यकीय निदान रोगाला नाव देते आणि आजींच्या बाबतीत झटका कळल्यापासून घरी जाईपर्यंत ते एकच राहिले. नर्सिंगचे निदान रुग्णाची अडचण, तिचे कारण आणि तिचा पुरावा असे तीन भागांत मांडतात, आणि ते बदलत जाते: पहिल्या रात्री, हृदयाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे छातीत तीव्र अस्वस्थता, पुरावा म्हणून आजींचे शब्द आणि गार घाम, तिसऱ्या दिवशी, हृदय अशक्त झाल्यामुळे हालचाल न सोसणे, पुरावा म्हणून चार पावलांत लागणारी धाप, घरी जाताना, कोणी नीट न समजावल्यामुळे गोळ्यांविषयी अपुरी माहिती. यांपैकी एकही ओळ डॉक्टर लिहीत नाहीत.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. प्रत्येक जळजळ म्हणजे हृदयविकार नसतो. विद्यार्थिनीने नातेवाइकांना ‘अटॅक आहे’ असे परस्पर सांगू नये आणि मनाने औषधही देऊ नये. डॉक्टरांना आकडे, घाम आणि रुग्णाचे शब्द सांगावेत, ऐकले नाही तर पुन्हा सांगावे, वरिष्ठांना कळवावे आणि वेळेसह नोंद करावी. ते डॉक्टर वाईट नव्हते. त्या रात्री त्यांच्याकडे तीस-पस्तीस रुग्ण होते. अक्कांनीही त्याआधी डॉक्टरांना काही सुचवून बोलणी खाल्ली होती, असे मला पुष्कळ नंतर कळले. प्रोग्नोसिस, सिंड्रोम, अक्यूट आणि क्रॉनिक या संज्ञांविषयी मी काही लिहिले नाही, कारण त्या पुस्तकात आहेत तशाच पाठ केल्या तरी चालतात.

रुग्णाचे शब्द केसपेपरवर अवतरणात, तो बोलला त्याच भाषेत लिहावेत आणि शेजारी इंग्रजी द्यावे, हा माझा आग्रह आहे. ‘केसपेपरवर मराठी चालत नाही’ असे मला दोनदा बजावण्यात आले, म्हणून आता मी तेच शब्द रोमन अक्षरांत लिहितो, त्याला कोणी हरकत घेत नाही. येथे पाट्यांच्या भाषेचा वाद कोणी आणू नये; ड्युटीवर मी दिवसभर कन्नडच बोलतो आणि खुशीने बोलतो. क्लिनिकल पोस्टिंग सुरू होईल तेव्हा वहीच्या मागील पानावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन रकाने आखा. पहिल्या ओळीत उरासमोर एदी, म्हणजे कन्नडमधील छाती, लिहा आणि दुसऱ्या ओळीत जळजळीसमोर उरी.