पंचवीस नकोत, पाच पुरेत

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि त्यासोबतची पंचवीस गाण्यांची यादी मिळाली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मित्रमंडळींना घरी बोलावून साठच्या दशकातले रॉक, ब्लूज आणि सायकेडेलिक, म्हणजे नशेतल्या भासांची आठवण करून देणारे, संगीत ऐकवण्याचा तुझा बेत मला मनापासून आवडला. यादी मात्र तितकीशी आवडली नाही, आणि का आवडली नाही हे सविस्तर सांगण्यासाठीच लिहायला बसलो आहे. दोन तासांत पंचवीस गाणी वाजवली, की त्यांतले एकही धड ऐकले जात नाही. ऐकणारा पहिल्या तीन-चार गाण्यांपर्यंत लक्ष देतो आणि पुढचे सगळे कानांवरून जाते. पाच गाणी निवड, आणि त्यांतले एखादे दोनदा वाजवायला वेळ ठेव.

मागच्या खेपेस सगळ्यांनी ‘छान आहे’ म्हटले आणि दहाव्या मिनिटाला मोबाइल काढले, असे तू लिहिले आहेस. त्याचा दोष त्यांच्या कानांना देऊ नकोस. गाणे लावण्याआधी तू जे बोललास ते तुझ्याच पत्रात आहे: ‘जगातला सर्वश्रेष्ठ गिटारवादक’, ‘असे संगीत पुन्हा होणे नाही’, ‘हे ऐकले नाही तर काय ऐकले’. यातून ऐकणाऱ्याच्या हाती काय लागते? विशेषणांवर माणूस फार तर मान डोलावतो, आणि शेवटच्या वाक्याने तर तो थोडा दुखावतोही. आपली आवड दुसऱ्याच्या गळी उतरवायची असेल, तर त्याला कान देण्याजोगी एक नेमकी जागा दाखवावी लागते. ती जागा त्याला सापडली, की बाकीचे काम रेकॉर्ड स्वतःच करते.

तुझ्या यादीतलेच उदाहरण घेतो. बीटल्सच्या १९६६ सालच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या संचातले (अल्बममधले) शेवटचे गाणे, ‘टुमॉरो नेव्हर नोज’. ‘सायकेडेलिक संगीताचा मैलाचा दगड’ असे तू त्यापुढे लिहिले आहेस. ते खोडून टाक. त्याऐवजी सांग की सुरुवातीला तंबोऱ्याचा षड्ज लागतो तो ऐका, आणि गाणे जवळजवळ सगळे त्याच एका सुरावर उभे आहे हे ध्यानात ठेवा. मग ढोल ऐकायला सांग. रिंगो स्टारच्या बास ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबून मायक्रोफोन नेहमीपेक्षा बराच जवळ आणला होता, म्हणून तो ठोका असा घट्ट आणि दाबलेला येतो. सीगल पक्ष्यासारखे जे ओरडणे मधूनमधून ऐकू येते, ते पक्ष्याचे नाही. ती टेपची टोके जोडून केलेली वेटोळी आहेत. अशी पाच वेटोळी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओच्या निरनिराळ्या खोल्यांतल्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, काही ठिकाणी माणसे पेन्सिलीवर टेप ताणून धरून उभी होती आणि त्यांचे आवाज मिश्रण चालू असतानाच हाताने वरखाली केले जात होते. त्यामुळे तेच मिश्रण हुबेहूब पुन्हा करणे शक्य नव्हते. दीड मिनिटाच्या आसपास जॉन लेननचा आवाज एकदम बदलतो. तो हॅमंड ऑर्गनबरोबर वापरतात त्या लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून काढला आहे. हे एवढे सांगितलेस, की तुझे मित्र त्या दीड मिनिटाची वाट पाहत ऐकतील, आणि वाट पाहणाऱ्याच्या हातात मोबाइल नसतो.

याच ठिकाणी सायकेडेलिक या प्रकाराचे एक तथ्यही आपोआप सांगून होईल. एलएसडी या नशेच्या पदार्थाचा आणि या संगीताचा संबंध नाकारण्यात अर्थ नाही. ते त्या काळाचे वास्तव होते आणि त्याची किंमतही काहींनी मोजली. पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट १९६८ सालीच बँडबाहेर गेला. त्याच्या आजारपणाच्या गोष्टी रंगवून सांगण्याची एक वाईट सवय या संगीताच्या चाहत्यांना आहे, ती तू लावून घेऊ नकोस. ऐकणाऱ्याला जे विलक्षण वाटते ते नशेने तयार झालेले नाही. ते तंत्रज्ञांनी मोजूनमापून केलेले काम आहे. ॲबी रोडच्या तांत्रिक विभागातली माणसे तर तेव्हा पांढरे कोट घालून कामावर येत असत.

आता ब्लूजकडे येतो, कारण तुझ्या यादीतली खरी उणीव तिथे आहे. तू पंचवीस गाण्यांमध्ये ब्लूजच्या मूळ, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या, गायकांपैकी एकाचेही गाणे घेतलेले नाहीस; सगळी इंग्लंडमधल्या गोऱ्या मुलांनी पुन्हा गायलेली घेतली आहेत. ती वाईट आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु आपल्याकडे रागसंगीत ऐकणारा माणूस एकच बंदिश दोन घराण्यांच्या गायकांकडून ऐकतो आणि दोहोंतला फरक चघळत बसतो, तसे ऐकण्याची सोय ब्लूजमध्ये जितकी आहे तितकी त्या काळच्या दुसऱ्या कोणत्याही पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात नाही. ही सोय तू वाया घालवतो आहेस.

‘लिटल रेड रूस्टर’ हे गाणे घे. विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या नावावरचे हे गाणे हाउलिन वुल्फने १९६१ साली शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी गायले. कोंबड्याचा विषय त्याहून जुना आहे. मिसिसिपीच्या चार्ली पॅटनने १९२९ सालीच कोंबड्यावर एक ब्लूज ध्वनिमुद्रित केला होता. रोलिंग स्टोन्सने वुल्फचे गाणे उचलले आणि १९६४ च्या डिसेंबरात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. मंडळींना आधी स्टोन्सचे ऐकव, कारण त्या आवाजाची सवय कानांना असते. ब्रायन जोन्सची स्लाइड गिटार तारेवरून सरकत जाते आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जणू हुंकार भरते, ती जागा दाखव. गाण्याची घडणही एका वाक्यात सांग: पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग त्या दोहोंना उत्तर देणारी तिसरी; बारा बारमध्ये (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक खंड) हे सगळे बसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतर मध्ये काहीही न बोलता वुल्फ लाव. स्टोन्सचा मिक जॅगर आळसावल्यासारखा, शब्द ओढत गातो. वुल्फचा खरखरीत आवाज पोटातून येतो आणि खोलीत दुसऱ्या कोणाला जागाच उरत नाही. कोणते चांगले, हा प्रश्न तू विचारू नकोस. तो तुझ्या मित्रांमध्ये आपोआप निघेल, आणि निघाला की तुझा शनिवार सार्थकी लागला असे समज.

स्टोन्सवर ‘चोरी’चा आरोप करणारा कोणी तरी अशा बैठकीत हमखास असतो. त्याला उत्तर देण्यापुरती माहिती जवळ ठेव, कारण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. स्टोन्सने बँडचे नावच मडी वॉटर्स या ब्लूज गायकाच्या १९५० सालच्या गाण्यावरून घेतले, आणि १९६५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ‘शिंडिग’ या टीव्ही कार्यक्रमात त्यांनी आग्रहाने वुल्फला बोलावून घेतले. तो गात असताना हे तरुण त्याच्या पायाशी बसलेले त्या चित्रणात दिसतात. क्रीम या ब्रिटिश बँडने १९६६ साली जुन्या ब्लूज गायक स्किप जेम्सचे १९३१ सालचे ‘आय अॅम सो ग्लॅड’ घेतले आणि रेकॉर्डवर त्याचे नाव दिले. याउलट लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या १९६९ सालच्या ‘होल लोटा लव्ह’वर विली डिक्सनचे नाव नव्हते. मडी वॉटर्सने १९६२ साली गायलेल्या डिक्सनच्या ‘यू नीड लव्ह’शी त्याचे साम्य उघड होते, डिक्सनने १९८५ साली दावा लावला आणि दोन वर्षांनी तडजोड झाली. माझे स्वतःचे मत असे आहे की झेपेलिनची गाणी आनंदाने ऐकावीत, पण डिक्सनचे नाव घेतल्याशिवाय ती कोणाला ऐकवू नयेत. तू दर गाण्याआधी एवढेच सांग: लिहिले कोणी, आधी गायले कोणी, आणि कोणत्या साली. याला अर्धे मिनिट पुरते.

आपली आवड दुसऱ्यापर्यंत पोचवण्याच्या खटाटोपाने काय घडू शकते, याची मला सर्वांत प्रिय असलेली हकीकत मिसिसिपी जॉन हर्टची आहे. हर्टने १९२८ साली ओकेह कंपनीसाठी काही गाणी गायली, ती फारशी खपली नाहीत, मग मंदी आली आणि तो गावाकडे शेतीकामात रमला. पस्तीस वर्षांनंतर जुन्या तबकड्या जमवणाऱ्या मंडळींपैकी टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने त्याचे ‘ॲव्हलॉन ब्लूज’ कान देऊन ऐकले. गाण्यात हर्ट ॲव्हलॉन हे आपले गाव म्हणून सांगतो. चालू नकाशात ते नव्हते. जुन्या नकाशात सापडले, आणि १९६३ साली हॉस्किन्स तिथे जाऊन पोचला, तर हर्ट अजून त्याच भागात राहत होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायला आणि १९६६ साली वारला. मधली तीन वर्षे त्याला जे श्रोते मिळाले, ते एका चाहत्याने गाण्यातला गावाचा उल्लेख गांभीर्याने घेतल्यामुळे मिळाले.

दुसरी हकीकत झॉम्बीज या इंग्रजी बँडची. त्यांचा ‘ओडेसी अँड ओरॅकल’ हा संच १९६८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये निघाला तेव्हा बँड आधीच मोडला होता. कोलंबिया कंपनीत निर्माता असलेला ॲल कूपर त्या रेकॉर्डच्या प्रेमात पडला आणि ती अमेरिकेत काढा म्हणून कंपनीच्या मागे लागला. १९६९ साली त्यातले ‘टाइम ऑफ द सीझन’ अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. ते वाजवायला बँड मात्र उरला नव्हता.

तू विचारले आहेस की आपल्या लोकांना हे संगीत जवळचे वाटावे म्हणून सतारीपासून सुरुवात करावी का. करू नये. ‘हे सगळे मुळात आपल्याकडूनच गेले’ या वाक्याने टाळ्या मिळतात आणि ऐकणे तिथेच थांबते. संबंध खरा आहे, पण तो जितका आहे तितकाच सांगावा. बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्याने ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचा काही भाग आणि ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित केले. साथीला भारतीय वादक होते आणि बासरी हरिप्रसाद चौरसियांची होती. हे मुंबईत घडले याचा मला आनंदच आहे. पण दुसरी बाजूही सांग. रविशंकर १९६७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॉंटेरे येथील संगीत महोत्सवात अल्लारखांच्या साथीने वाजले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, तरी त्याच महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने गिटार पेटवलेली पाहून ते व्यथित झाले आणि सतार व नशा यांची घातलेली सांगड त्यांना शेवटपर्यंत रुचली नाही. सतार ऐकवायचीच असेल, तर त्याऐवजी पॉल बटरफिल्ड ब्लूज बँडचे १९६६ सालचे ‘ईस्ट-वेस्ट’ ऐकव. तेरा मिनिटांच्या या वादनात सतार कुठेही नाही. माइक ब्लूमफिल्ड गिटारवर एकाच आधारसुरावर रागाच्या वळणाने वाढत जातो आणि खाली शिकागोचा ठेका चालू राहतो. काळे आणि गोरे वादक एकाच बँडमध्ये असणे तेव्हा अमेरिकेत नित्याचे नव्हते, आणि या बँडचा बासवादक जेरोम आर्नल्ड तर वुल्फच्याच बँडमधून आलेला होता. रागसंगीत ऐकणाऱ्या तुझ्या काकांना बैठकीला बोलावणार असशील, तर त्यांच्यासाठी हे राखून ठेव. मग ते काय म्हणतात ते मला कळव.

रेकॉर्ड कोणती आणि कुठली, या प्रश्नावर तू फार खर्च करू नयेस असे मला वाटते. चोरबाजारात मिळणाऱ्या जुन्या प्रती बहुधा ओरखड्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांची किंमत सांगितली जाते ती मात्र नव्यासारखी. पहिल्या छपाईचा अभिमान बाळगणाऱ्यांची संगत मनोरंजक असते, पण त्यांच्यासमोर नवखा माणूस तोंड उघडत नाही, आणि तुला तर तोंड उघडणारी माणसे हवी आहेत. मोबाइलवरून चांगल्या स्पीकरवर लावलेस तरी चालेल. एक गोष्ट तेवढी पाळ: शक्य तिथे मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज येणारी, आवृत्ती लाव. १९६५-६६ च्या कित्येक स्टिरिओ रेकॉर्डांवर गाणारे एका बाजूला आणि वाद्ये दुसऱ्या बाजूला असतात. बीटल्सच्या ‘रबर सोल’ची जुनी स्टिरिओ आवृत्ती तशीच आहे. खोलीच्या डाव्या कोपऱ्यात बसलेल्याला गायकच ऐकू येत नाही आणि तो बिचारा संकोचाने काही बोलतही नाही. शिवाय बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’चे मोनो मिश्रण करताना चौघेही जातीने हजर होते, स्टिरिओचे काम त्यांच्यामागे थोडक्यात उरकले गेले.

पहिल्या बैठकीसाठी माझी पाच गाणी अशी: रोलिंग स्टोन्सचे ‘लिटल रेड रूस्टर’, मग वुल्फचे तेच, त्यानंतर मडी वॉटर्सचे ‘रोलिन स्टोन’, ज्यात त्याच्या आवाजाला साथ एकट्या गिटारीची आहे, मग ‘ईस्ट-वेस्ट’ पूर्ण, मध्ये न तोडता, आणि शेवटी ‘टुमॉरो नेव्हर नोज’, तेही दोनदा. हेंड्रिक्स पुढच्या महिन्यासाठी ठेव, आणि त्याचे ‘रेड हाउस’ घे. त्याच्या पहिल्या संचाच्या अमेरिकी आवृत्तीतून नेमका हा ब्लूज वगळला गेला होता. ब्रिटिश आवृत्तीत तो आहे, तेव्हा शोधताना ते पाहून घे.

सुधारलेली यादी पाठवलीस, की ‘ईस्ट-वेस्ट’ची माझी एलपी कोणाबरोबर तरी पाठवून देईन. टर्नटेबलची सुई कधी बदलली होती, ते मात्र त्याआधी कळव.

तुझा शुभचिंतक